कोचच्या शेजारी कोण?

नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ (2022) मला आवडतो. तरी शाहू स्टेडियमवर मॅच बघून घरी आलो की एक गोष्ट खटकते. अमिताभ बच्चन यांचा विजय बोराडे झोपडपट्टीतल्या पोरांची टीम उभी करतो, पण टीमचा विचार करणारा तो एकटाच. ‘दंगल’मध्येही (2016) बाप तेवढा शहाणा, राष्ट्रीय कोच खलनायक. ‘चक दे! इंडिया’त (2007) कृष्णाजी निदान सोबत आहेत, पण गोष्ट कबीर खानचीच.

आमच्या कोल्हापुरात पाटाकडील, दिलबहार, खंडोबा या फुटबॉल टीम तालमींच्या. त्यामुळे असिस्टंट शोधताना कोचची नजर आधी पेठेतल्या जुन्या खेळाडूकडे जाते. आपला माणूस भरवशाचा असतो, पोरांना घरातून उठवून आणतो. पण लहानपणापासून ज्याच्यासमोर मान खाली घातली, त्याला तो हाफ टाइमला ‘तुमचं चुकतंय’ म्हणेल? एका टीमचा मी असाच असिस्टंट होतो. डावी बाजू उघडी पडलेली दिसत होती. गप्प बसलो. हरलो.

म्हणून पुढच्या सिनेमात मला भाषण ठोकणारा कोच नको. आपल्याशी भांडेल असा माणूस मुद्दाम शेजारी बसवणारा कोच बघायचाय.