मारिओची वीट

‘सुपर मारिओ ब्रदर्स’ या व्हिडिओ-खेळाचें परीक्षण वाङ्मयीन मासिकांत कशासाठीं, असा प्रश्न कांहीं वाचक करतील. परंतु ज्या कृतींत नायक आहे, प्रवास आहे आणि शेवटीं राजकन्येची सुटका आहे, तिला आख्यानाची कसोटी लावणें आम्हांस तरी गैर वाटत नाहीं. हा खेळ निन्टेन्डो कंपनीनें १९८५ सालीं जपानांत प्रसिद्ध केला. शिगेरु मियामोतो व ताकाशी तेझुका हे त्याचे रचनाकार. आठ जगें व प्रत्येकाचे चार टप्पे, एवढा त्याचा विस्तार. त्यांतील एकाच वस्तूविषयीं आम्ही येथें लिहिणार आहों : अधांतरीं लटकणारी ती तपकिरी वीट.

प्रश्नचिन्हाचे ठोकळे आपल्या पोटांत कांहीं आहे हें उघड सांगतात. वीट तें सांगत नाहीं. शेजारच्या दोन विटा दिसावयास अगदीं सारख्या; परंतु एकींतून नाणीं निघतात, क्वचित् तारा, कोठें आकाशापर्यंत चढणारी वेल, तर दुसरीचे नुसते चार तुकडे होतात. तेहि नायक अळंबें खाऊन मोठा झाला असेल तरच. एरव्हीं रिकामी वीट किंचित् उसळून जागच्या जागीं बसते. जिच्यांत कांहीं दडलें आहे ती मात्र फुटतच नाहीं. आपलें देणें देऊन टणक ठोकळा होऊन राहते. फुटते ती रिकामीच! भुयारी टप्प्यांत तर विटांचें छत हीच वाट होते : त्यावरून टोकापर्यंत गेल्यास पुढल्या जगांत नेणारे नळ भेटतात. शेंकडों विटा फोडूनहि या विटेचा वीट येत नाहीं, तो यामुळेंच.

आमचा आक्षेप निराळा आहे. खेळासोबतच्या इंग्रजी पुस्तिकेंत असें सांगितलें आहे कीं, अळंब्यांच्या राज्यांतील शांतताप्रिय प्रजेला कूपा जमातीनें जादूच्या बळावर दगड, विटा व झुडपें करून टाकलें. हें खरें धरलें, तर प्रजेच्या सुटकेस निघालेला नायक प्रजेलाच ठोसे मारून फोडीत चालला आहे, आणि प्रत्येक फुटल्या विटेमागें त्यास ५० गुण मिळत आहेत! अहल्येची कथा ऐकत वाढलेल्या आमच्या वाचकांस हें विशेष खटकेल; तेथें पाऊल लागतांच शिळेची स्त्री होते, येथें ठोसा लागतांच विटेचा चुरा.

गोष्ट केवळ शोभेपुरती आहे, तिला इतकें मनावर कां घ्यावें, असें कोणी म्हणेल. आम्हांस तें पटत नाहीं. विटेची योजना अस्सल प्रतिभेची आहे. तिला चिकटविलेली कथा मात्र उपरी आहे, आणि ज्यानें ती चिकटविली त्यानें तिचा निर्वाहहि करावयास हवा होता. किल्ल्याच्या शेवटीं एखादा सेवक मुक्त होतो खरा. परंतु तो कांहीं विटेंतून निघत नाहीं. अखेर राजकन्या सुटते, आभार मानते आणि नवी मोहीम पुढें ठेवते. विटा विटाच राहतात, आणि नायक त्या पुन्हा फोडूं लागतो.