कोपरगांवचा वाडा आणि कचेरी

सालबाईच्या तहानें (१७८२) रघुनाथरावांच्या राजकारणाची अखेर झाली, आणि गोदातीरीं कोपरगांवीं राहून १७८३ च्या डिसेंबरांत ते वारले. येथवरचा वृत्तांत आमच्या वाचकांस मुखोद्गत आहे. त्यांच्या वाड्याचें पुढें काय झालें, हें मात्र फारसें कोणी विचारीत नाहीं. इंग्रजी अमलांत तेथें सरकारी कचेऱ्या बसल्या. १८८४ च्या नगर जिल्ह्याच्या गॅझेटियरांत तसा निर्देश आहे.

कचेऱ्यांनीं वाडे नासले, अशी ओरड आपल्या मंडळींत नेहमीं ऐकूं येते. ती सरसकट मान्य करण्यास आम्ही तयार नाहीं. पेशवाई वाड्याचा पुढील चौक मुळांतच कामकाजाचा. ओसरीवर कारकुनांची बैठक, वर दिवाणखाना, दप्तराचे रुमाल भिंतींतील कोनाड्यांत व फडताळांत. इंग्रजी अमलांतील कारकुनास तेथें परकें वाटण्याचें कारण नव्हतें. घात होतो तो मागील चौकांत. देवघर, माजघर, मुदपाकखाना यांचें कचेरीस प्रयोजन नाहीं. त्यांच्या अडगळीच्या खोल्या होतात, आणि घर म्हणून वाडा वाचण्याची किल्लीच हरवते.

ओसरीचेंहि तसेंच. दोन खांबांमधील खण हें या बांधणीचें माप. मध्यें आडभिंत घातली कीं खांबांची ओळ तुटते व चौकांतील उजेड अडतो. त्याहून वाईट सिमेंटचा गिलावा. विटांच्या भिंतींत लांकडी खांब पुरलेले असतात, मजल्याचा बराच भार तेच वाहतात. सिमेंटनें ओल आंत कोंडते व लांकूड कोणास न दिसतां कुजतें. पूर्वींचा चुना निदान श्वास घेऊं देत असे.

तथापि कचेरीचे उपकारहि नाकारतां येत नाहींत. पुण्याचा विश्रामबाग वाडा (१८०७) १८७९ च्या आगींत कांहीं अंशीं जळाला, तरी शाळा व पुढें नगरपालिका तेथें नांदल्यामुळें टिकला. कोपरगांवाजवळील हिंगणीच्या राघोबादादांच्या वाड्याचे मात्र अवशेषच पाहावे लागतात.

कोपरगांवच्या वाड्याच्या विटा, चुना, सागवान व सुतार-गवंड्यांची मजुरी यांचा हिशेब कोणा संग्राहकाजवळ असल्यास त्यानें तो प्रसिद्धीस द्यावा. मूळचे खण किती व मागाहून घातलेल्या भिंती कोणत्या, हें अशा कागदावांचून खात्रीनें ठरणें कठीण. आणि दुरुस्तीस हात घालणाऱ्या गवंड्यास पहिल्या दिवशींच तें सांगावें लागतें.