ग्रेबॉक्स प्रोबिंग आणि चित्रातली बाहेरची चौकट

कंपायलरमध्ये पीएचडी करायचा विचार असेल, तर आयआयटी मुंबईच्या जीसीसी रिसोर्स सेंटरच्या 'इसेन्शियल ॲबस्ट्रॅक्शन्स इन जीसीसी' या कार्यशाळेच्या स्लाइड्स कधी ना कधी तुमच्या हाती येतीलच. प्रा. उदय खेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं हे काम. त्यातला 'ग्रेबॉक्स प्रोबिंग' हा भाग मी आजवर चार-पाच वेळा वाचला असेन. आज त्याच भागाचं कौतुक करायचंय, आणि एक तक्रारही.

आधी कौतुक. जीसीसीचा सोर्स लाखो ओळींचा. तो वाचायला बसलात तर पहिलं सत्र तिथेच संपेल. ग्रेबॉक्सची पद्धत सांगते की सोर्स उघडूच नका. चार ओळींचा लूप लिहा, 'डॅश एफडंप-ट्री-ऑल' आणि 'डॅश एफडंप-आरटीएल-ऑल' हे पर्याय द्या, आणि पडलेल्या फाइल्स ओळीने वाचा. जिंपल, मग सीएफजी, मग एसएसए, पुढे आरटीएल, शेवटी असेंब्ली. एखादं गणित एका फाइलमध्ये दिसतं आणि पुढच्या फाइलमध्ये गायब होतं. मधल्या पासने काय केलं ते तुम्हाला पुस्तकाशिवाय कळतं. बार्शीटाकळीला घरी जुन्या लॅपटॉपवर मी हेच केलं. एलएलव्हीएम बिल्ड करायची त्या मशीनची ताकद नव्हती, पण पॅकेज मॅनेजरने टाकलेला साधा जीसीसी यासाठी पुरतो. संशोधनाची सवय लावायला याहून स्वस्त साधन मला तरी माहीत नाही.

आता तक्रार. त्या स्लाइड्समध्ये टूलचेनचं एक चित्र आहे. आत सीसीवन, असेंबलर, लिंकर, आणि या सगळ्यांना वेढणारी बाहेरची चौकट म्हणजे जीसीसी हा ड्रायव्हर. चित्र बरोबर आहे. पण त्यानंतर सगळा प्रकाश सीसीवनवर पडतो आणि चौकट मागे राहते. हा दोष एकट्या त्या कार्यशाळेचा नाही. ड्रॅगन बुकमध्येही प्रीप्रोसेसर, कंपायलर, असेंबलर, लिंकर एकाखाली एक काढलेत; त्यांना हाक कोण मारतं हे चित्रात नाही. आपण परीक्षेत तेच चित्र काढतो, पूर्ण मार्क घेतो आणि 'जीसीसी म्हणजे कंपायलर' असं समजून पुढे जातो.

याने बिघडतं काय? माझंच ऐका. मी एका पासमध्ये बदल केला, सोर्समधून स्वतःचा जीसीसी बिल्ड केला, आणि उबंटूसोबत आलेल्या जीसीसीशी तुलना केली. दोन्हीकडे 'डॅश ओ-टू'. माझ्या बाजूचा कोड छोटा आला. काय सांगू राजेहो, मी गाइडना मेलसुद्धा लिहून ठेवली होती! पाठवायच्या आधी सहज 'डॅश व्ही' लावून पाहिलं. उबंटूच्या बाजूला सीसीवनच्या कमांडमध्ये स्टॅक प्रोटेक्टर होता, कंट्रोल-फ्लो प्रोटेक्शन होतं, आणि मी यातलं काहीच टाइप केलेलं नव्हतं. वितरणवाल्यांनी ते पर्याय मुळातच चालू ठेवलेले असतात. माझ्या बिल्डमध्ये ते नव्हते. म्हणजे मी जे मोजलं तो माझा पास नव्हताच, दोन ड्रायव्हरांच्या सवयींमधला फरक होता. मेल डिलीट केली. तुलना करायची तर एकाच सोर्समधून, एकाच कॉन्फिगरेशनने, बदल असलेला आणि नसलेला असे दोन बिल्ड लागतात, हे तेव्हा कुठे डोक्यात शिरलं.

म्हणून माझं म्हणणं असं की ग्रेबॉक्सची सुरुवात एक पायरी अलीकडून व्हायला हवी. डंप फाइल उघडण्याआधी 'डॅश' आणि तीन हॅश देऊन बघा: ड्रायव्हर काहीही न चालवता, कुठल्या कमांड चालवल्या असत्या ते छापतो. मग 'डॅश सेव्ह-टेम्प्स' लावा, एरवी पुसल्या जाणाऱ्या मधल्या फाइल्स तशाच राहतील. लिंकरच्या जागी 'कलेक्ट-टू' नावाचा प्रोग्रॅम दिसेल, दचकू नका, तो पुढे लिंकरलाच बोलावतो. जुन्या ट्युटोरियलमधली डंप फाइलची नावं तुमच्याकडे जुळली नाहीत, तर त्यामागेही बहुतेक हेच प्रकरण असतं: जीसीसी ११ पासून कंपाइल आणि लिंक एकत्र केलं की नावाआधी 'ए-डॅश' लागतं, नुसतं 'डॅश सी' दिलं तर लागत नाही.

पुढे जायचं असेल तर 'डॅश डंपस्पेक्स'. इथे मात्र जीसीसीवर माझा राग आहे. कुठला पर्याय कुठल्या प्रोग्रॅमला कसा पोचवायचा हे स्पेक नावाच्या एका छोट्या भाषेत लिहिलंय, टक्के आणि महिरपी कंस यांनी भरलेल्या. लवचिक आहे, कबूल. पण ते वाचणं म्हणजे मोडी कागद लावण्यासारखं. अक्षर कळतं, वाक्य लागत नाही. क्लँगने हेच काम उघड केलं. पर्याय ओळखणं, टप्पे ठरवणं, प्रत्येक टप्प्याला टूल नेमणं, त्या टूलसाठी पर्याय बदलून लिहिणं, मग चालवणं, असे पाच भाग त्यांच्या डिझाइनच्या कागदातच नोंदवलेत, आणि 'डॅश सीसीसी-प्रिंट-फेजेस' दिलं की टप्प्यांची रचना छापून मिळते. स्वतःच्या छोट्या भाषेला ड्रायव्हर लिहायचा झाला तर मी क्लँगची मांडणी उचलेन.

क्लँगही धुतल्या तांदळासारखा नाही, बरं का. त्याचा ड्रायव्हर आणि आतला सीसीवन यांच्या पर्यायांच्या याद्या वेगळ्या. ओ-झिरोवर आयआर काढला की प्रत्येक फंक्शनवर 'ऑप्टनन' शिक्का बसतो, आणि मग 'ऑप्ट'मधून तुमचा पास चालवला तरी काहीच घडत नाही. नवखा विद्यार्थी आठवडाभर स्वतःच्या पासमध्ये बग शोधतो. शिक्का टाळायचा पर्याय आहे, पण तो सीसीवनचा. ड्रायव्हरकडून आत सरकवायला आधी 'डॅश एक्सक्लँग' लावावं लागतं. जीसीसीतही ओ-झिरोवर सुटं सुटं ऑप्टिमायझेशन मागितलं तर बहुतेक वेळा ते मुकाट्याने सोडून दिलं जातं. मॅन्युअलमध्ये तसं स्पष्ट लिहिलंय, फक्त आपण ते पान उघडत नाही.

कार्यशाळेच्या स्लाइड्स वाचाच, त्यांची पद्धत पक्की आहे. फक्त पहिल्या प्रयोगाआधी वहीत कंपायलरची आवृत्ती, 'कॉन्फिगर्ड विथ'ची पूर्ण ओळ आणि सीसीवनची आख्खी कमांड उतरवून ठेवा. माझ्या वहीत ती ओळ आता दर प्रयोगाच्या वर असते, त्या न पाठवलेल्या मेलपासून.