‘डिजिटल’ अ‍ॅम्प्लिफायर आणि मिरजेची जवारी

सातारा-सांगलीकडे घरगुती अ‍ॅम्प्लिफायर दोन शब्दांवर खपतो : ‘वॅट’ आणि ‘डिजिटल’. त्यांतला दुसरा शब्द मुळातच फसवा आहे. ‘क्लास-डी’मधला ‘डी’ डिजिटलचा नव्हे. ए, बी, सी यांनंतरचे ते अक्षर, इतकेच. यात ट्रान्झिस्टर सेकंदाला काही लाख वेळा पूर्ण चालू-बंद होतात. किती वेळ चालू आणि किती वेळ बंद, या प्रमाणात ध्वनीचा चढउतार सामावलेला असतो. शेवटची कॉइल-कपॅसिटरची गाळणी तो मोकळा करते.

याचा लाभ निर्विवाद आहे. क्लास-बीची कार्यक्षमता गणितानेच 78.5 टक्क्यांवर अडते. क्लास-डी प्रत्यक्षात 90 टक्क्यांच्या आसपास जातो. इन्व्हर्टरवर गाणे ऐकणाऱ्या घराला याचे मोल सांगायला नको.

आक्षेप असा की, हे तंत्र तंबोऱ्याची जवारी मारते. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा आक्षेप याच भूमीवर तपासावा. घोडीचा किंचित गोलावा आणि तारेखालचा दोरा यांमुळे उपस्वरांची रांग उभी राहते. सी. व्ही. रामन यांनी 1921 मध्ये तिची शास्त्रीय चर्चा केली होती.

आता तंत्रे पाहू. ‘टीपीए 3116’सारख्या स्वस्त चिपमध्ये दुरुस्तीचा परतावा, म्हणजे फीडबॅक, गाळणीच्या आधीच घेतला जातो. त्यामुळे स्पीकर 4 ओहमचा की 8चा, यावर वरच्या टोकाचा आवाज बदलतो. ब्रुनो पुटझेस यांच्या ‘यूसीडी’ रचनेत परतावा गाळणीनंतर घेतात, म्हणून हा दोष बराच ओसरतो. ट्रायपाथचा ‘क्लास-टी’ हा वेगळा वर्ग नव्हे, क्लास-डीचेच व्यापारी नाव. कंपनी 2007 मध्ये दिवाळखोरीत गेली, नावाचा दबदबा मात्र उरला.

पण हिशेब करावा. काळी एकचा खर्ज सुमारे 69 हर्ट्झ. त्याचा शंभरावा उपस्वरही 6,900वरच येतो. गाळणीचा फरक मुख्यतः 10,000 हर्ट्झच्या वर जाणवतो. म्हणजे जवारीचा गाभा स्वस्त चिपमध्येही शाबूत राहतो. मिरजेत वास्तव्य केलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या 78 फेऱ्यांच्या तबकड्यांत तर ते वरचे टोक मुळातच क्षीण. महाग यंत्र ते कोठून आणणार?

तात्पर्य, दुकानदाराला वॅट विचारण्याआधी आपल्या स्पीकरचे ओहम सांगावेत आणि परतावा कोठून घेतला आहे ते विचारावे. उरलेला पैसा चांगल्या स्पीकरवर घालावा. जवारी हरवते ती बहुधा तिथेच.