सगळं पुसायचं का?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा आधार संपला. विंडोज ११ला आमचा म्हातारा कॉम्प्युटर चालेना. मग फुकटातली उबुंटू आणली. मी पडलो बँकेतला, फुकट म्हटलं की आधी अटी वाचतो! पण ही बया पेनड्राइव्हवरूनच चालून दाखवते. पसंत पडली तर बसवा. आंबेवालाही इतकी फोड देत नाही.

पुढे मात्र माझी तक्रार आहे. 'जुन्याशेजारी बसवू?' आणि 'सगळी डिस्क पुसू?' हे दोन्ही प्रश्न सारख्याच अक्षरांत! आमच्याकडे साधं खातं बंद करायलाही अर्ज लागतो. डिस्कवर आईचे तोरण्याच्या पायथ्याचे फोटो होते. आई आता नाही. बोट बटणावर ठेवलं आणि वेल्ह्यात वीज गेली. आयुष्यात प्रथमच बरं वाटलं. वीज आल्यावर आधी फोटो उतरवून घेतले.