वाऱ्याची ‘मोकळी जागा’ : दोन शब्दांची चिकित्सा

वायुवेगमापक कोठे उभारावा, याविषयी जागतिक हवामान संघटनेचा नियम थोडक्यात असा : यंत्र सपाट, मोकळ्या भूमीवर 10 मीटर उंचीवर असावे, आणि कोणत्याही अडथळ्यापासून ते त्या अडथळ्याच्या उंचीच्या निदान दहापट दूर असेल, तरच ती भूमी मोकळी समजावी. नियमाचे शास्त्रीय मूल्य निर्विवाद आहे. प्रस्तुत टिपणाचा आक्षेप आहे, तो हा नियम मराठीत सांगताना आपण सहज योजतो अशा दोन शब्दांवर.

पहिला शब्दप्रयोग ‘मोकळी जागा’. मराठीत तो मुख्यतः रिकामेपणाचा वाचक आहे. दोन चाळींमधले पटांगण या अर्थी मोकळेच. परंतु 12 मीटर उंचीच्या इमारतीपासून 120 मीटर अंतर राखावयाचे, तर वाऱ्याच्या दृष्टीने ते मुळीच मोकळे नव्हे. गच्ची तर रिकामी आणि उंचही. तथापि भिंतीवर आदळून वर चढलेला वारा तिच्या कडेशी वेग घेतो, भोवरे करतो. तेथे मिळणारा आकडा त्या प्रदेशातील वाऱ्याचा म्हणता येत नाही. अभिप्रेत अर्थाला ‘उघडा माळ’ हा शब्द कितीतरी जवळचा आहे.

दुसरा शब्द ‘अडथळा’. अडथळ्याचा परिणाम त्याच्या जागीच संपतो, असे हा शब्द सुचवितो. मग दहापटीची अट विद्यार्थ्याला अकारण कडक वाटते. ‘आडोसा’ म्हटले, की झाडामागे दूरवर मंदावलेला वारा आणि त्याची दिशा, दोन्ही ध्यानात येतात. नित्याच्या बोलण्यातला हा शब्द परिभाषेत घेण्यास सर्वथा योग्य आहे.

हा निव्वळ शब्दांचा कीस आहे, असे कोणी म्हणेल. परंतु वाऱ्यातील शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग 10 टक्के कमी मोजला गेला, तर शक्तीचा अंदाज सुमारे 27 टक्क्यांनी घटतो. यंत्राभोवती झाडे व घरे वाढत गेली, तर वारा पूर्वीसारखाच वाहत असूनही नोंदवहीत तो वर्षानुवर्षे मंदावत जातो.

‘माळ’ या शब्दालाही मर्यादा आहे, हे मान्य केले पाहिजे. साताऱ्याजवळील चाळकेवाडीचे पवनचक्क्यांचे पठार उघडेच आहे. परंतु अशा पठारांच्या कड्याशी वर चढणारा वारा वेग घेतो, आणि तेथील मोजणी सपाटीवरील मोजणीशी ताडून पाहता येत नाही. म्हणून ‘सपाट’ हे विशेषण गाळता येणार नाही.

तेव्हा नियम असा सांगावा : यंत्र सपाट, उघड्या माळावर 10 मीटर उंचीवर असावे, आणि प्रत्येक आडोशापासून त्याच्या उंचीच्या निदान दहापट दूर असावे.