छप्पन्न गाण्यांचं एक वर्ष



आजचा विषय आहे ‘आयुष्यातलं एक वर्ष घडवणारी गाणी’. अशा विषयावर बोलायला उभा राहिलेला माणूस सहसा आपल्या आवडीची यादी वाचून दाखवतो. मी तसं करणार नाही. मी एकच वर्ष घेणार आहे आणि एकच गीतमालिका, ‘गीतरामायण’. तुम्ही म्हणाल, त्यावर आता नवीन काय बोलायचं? शब्द आणि चाली यांच्याविषयी बोलून झालंय, हे मलाही मान्य आहे. पण ते ज्या वर्षात पसरलेलं होतं, त्या वर्षाचा विचार आपण फारसा करत नाही. मला त्याबद्दल बोलायचंय.

आधी थोडी माहिती. पुणे आकाशवाणीचे सीताकांत लाड यांनी ग. दि. माडगूळकरांकडे सातत्यानं चालेल असं काहीतरी मागितलं आणि त्यातून ही मालिका निघाली. संगीत सुधीर फडक्यांचं. १ एप्रिल १९५५, शुक्रवार, रामनवमी, या दिवशी पहिलं गाणं लागलं. आठवड्याला एक गाणं. वर्षाची गाणी बावन्न व्हायला हवीत, पण झाली छप्पन्न. कारण शके १८७७ मध्ये भाद्रपद अधिक आला आणि पुढची रामनवमी लांबली, ती आली १९ एप्रिल १९५६ ला. म्हणजे बघा, या कलाकृतीची लांबी शेवटी पंचांगानं ठरवली! मला हे फार महत्त्वाचं वाटतं. कवी आपल्या मर्जीनं थांबू शकत नव्हता आणि ऐकणाराही आपल्या मर्जीनं पुढे जाऊ शकत नव्हता.

माझी आत्या त्या वेळी पुण्यात एका वाड्यात राहायची. त्या वर्षातली कुठलीही गोष्ट सांगताना तिच्या तोंडी तारीख नसायची. ‘वनवास चालू होता तेव्हा धाकट्याला गोवर आला’, असं ती सांगायची. वाड्यात रेडिओ एकच, मालकांकडे. म्हणजे ओसरीवर जाऊन बसणं आलं, वेळ सांभाळणं आलं, शेजारणीशी धरलेला अबोला तेवढ्यापुरता सोडणंही आलं. गाणं काही मिनिटांचं असायचं, पण त्याच्या अलीकडे-पलीकडे अख्खा आठवडा असायचा.

आता आपण हे कसं ऐकतो? ध्वनिमुद्रिका निघाल्या त्या सगळ्या एकट्या फडक्यांच्या आवाजात. कार्यक्रमही त्यांनीच गाऊन गाजवले. त्या गाण्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण रेडिओवर त्या वर्षी सीतेसाठी माणिक वर्मांचा आवाज होता, रामासाठी फडक्यांचा. वसंतराव देशपांडे, सुरेश हळदणकर, मालती पांडे, ललिता फडके असे कितीतरी गळे त्यात होते. तेव्हा ते श्राव्य नाटक होतं, नंतर ते कीर्तन झालं. कीर्तनात सगळी पात्रं एकाच माणसाच्या तोंडून बोलतात, त्यामुळे पात्रापात्रांतलं भांडण जरा मऊ होतं. सीतेचं गाऱ्हाणं सीतेच्याच गळ्यातून येणं वेगळं आणि रामाच्या गळ्यातून येणं वेगळं. आहे की नाही?

हे नीट कळतं ते शेवटच्या दोन गाण्यांत. पंचावन्नावं गाणं सीतेचं आहे. तिला अरण्यात सोडलंय आणि ती लक्ष्मणाला विचारतेय की मी आता जाऊ कुठे. छप्पन्नाव्या गाण्यात वाल्मीकी कुशलवांना रामासमोर जाऊन गायला सांगतात. म्हणजे शेवटचं गाणं कथेच्या क्रमानं पहिल्याच्याही आधीचं आहे. मालिका सुरू होते तीच मुळी राम स्वतःचं आयुष्य स्वतःच्या मुलांकडून ऐकतोय इथून. त्या मुलांची आई मात्र त्या सभेत नाही.

तबकडीवर या दोन गाण्यांमध्ये काही क्षणांचं अंतर असतं. सीतेचा प्रश्न विरायच्या आत वाल्मीकींची भैरवी सुरू होते आणि आपण समाधानानं हात जोडतो. त्या वर्षी मात्र मधे जवळजवळ आठवडा होता. स्वयंपाक करताना, नळावर पाणी भरताना, बायकांनी तो प्रश्न इतके दिवस बाळगला असणार. माडगूळकरांनी सीतेच्या प्रश्नाला उत्तर दिलेलं नाही. टीकाकार म्हणून मला ती या काव्यातली सर्वांत प्रामाणिक जागा वाटते आणि सलग ऐकण्याच्या सवयीनं नेमकी तीच बुजलीय.

आता दुसरी बाजू. ‘अवघा महाराष्ट्र ऐकत होता’ हे वाक्य आपण फार सहज बोलतो. रेडिओ किती घरांत होता हो? आणि त्याच वर्षात काय काय चाललं होतं? १५ ऑगस्ट १९५५ ला गोव्यात सत्याग्रह्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. नोव्हेंबरमध्ये फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला, जानेवारी १९५६ मध्ये मुंबईत पुन्हा. रेडिओवर कथा लंकेच्या दिशेला सरकत होती आणि गिरणगावात माणसं मरत होती. तिथलं वर्ष घडवलं ते अमर शेखांच्या आवाजानं आणि अण्णाभाऊ साठ्यांच्या लेखणीनं. अण्णाभाऊंच्या छक्कडीत मुंबईला आलेला कामगार गावी राहिलेल्या मैनेसाठी झुरतो. ती मैना म्हणजे बायको असते आणि तुटून राहिलेला मुलूखही. त्या गाण्याला शुक्रवार नव्हता. सभा भरेल तेव्हा ते व्हायचं.

या दोन्हींना एकाच तराजूत तोलायचा माझा हेतू नाही. पण दोन्हीकडे मूळ दुःख एकच आहे, ताटातुटीचं. आणि दोन्ही गाणी एकट्यानं ऐकायची नव्हती. त्यांच्यासाठी उठून कुठेतरी जावं लागायचं, ओसरीवर नाहीतर मैदानात. गाणं नुसतं आवडलं म्हणून ते वर्ष घडवत नाही. त्याच्यासाठी दिवसातली वेळ मोकळी करावी लागते, आणि ते ऐकताना शेजारी कोण बसलं होतं हेही लक्षात राहतं.

म्हणून एक सुचवतो. येत्या रामनवमीला ‘गीतरामायण’ सुरू करा, पण आठवड्याला एकच गाणं ऐका. जमलं तर घरातल्या कुणाला तरी सोबत घेऊन. आणि पंचावन्नावं झालं की यंत्र बंद करा. सीतेनं विचारलेला प्रश्न आठवडाभर घरात राहू द्या.